जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर आणि मागचा फिल्टर घरी बदलताना

आईकडच्या माळ्यावरून जुना व्हॅक्यूम क्लीनर खाली घेतला, तेव्हा त्याच्या मागच्या जाळीतून काळा भुगा फरशीवर पडला. बोटावर घेतला तर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा चकचकीत. यंत्र १९८९ सालचं. टाय लावलेला सेल्समन दारात आला, आमच्याच गादीवरून नळी फिरवली, आमच्याच गादीतली धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवली आणि आईला शेजारणीसमोर खजील करून गेला. त्या खजीलपणातून झालेली ती खरेदी. १९८२ साली इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि दारोदार जाऊन असे डेमो द्यायची पद्धत आपल्याकडे रुजली. त्यामुळे त्या काळातली अशी आडवी, चाकांवर ओढायची यंत्रं आजही बऱ्याच माळ्यांवर सापडतात.

मी ते घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने प्लग लावला, दोन सेकंद आवाज ऐकला आणि म्हणाला, "ताई, मोटर गेलीय. नवीन टाकावी लागेल." मोटर गेली नव्हती, कार्बन झिजले होते. ते बदलून यंत्र आणखी दोन वर्षं चाललं. त्यानंतर मोटर खरोखर गेली. ती मी स्वतः बदलली आणि पाच महिन्यांत जाळली. का जाळली, ते सातव्या पायरीत येईल.

सुरू करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. घरगुती कोरड्या व्हॅक्यूममध्ये पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटरच्या अंगावरून जाते आणि तिला गार ठेवते. मोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते आणि तिला गार ठेवणारं दुसरं काहीही आत नसतं. म्हणजे पिशवी, पुढचा फिल्टर, मोटर आणि मागचा फिल्टर हे चार सुटे भाग नाहीत, एकाच हवेच्या वाटेवरची चार ठिकाणं आहेत. एक बदललं की बाकीच्या तिन्हींकडे बघावं लागतं.

## १. मोटर खरंच गेली आहे का, ते आधी बघा

जेमतेम इंच-दीड इंच लांबीचे दोन कार्बन मोटरची निम्मी दुखणी घेऊन बसलेले असतात. हे ग्रॅफाइटचे ठोकळे स्प्रिंगने कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या गोलावर, दाबलेले असतात आणि झिजणं हेच त्यांचं काम आहे. ठोकळा सेंटिमीटरभराच्या खाली आला असेल तर दोन्ही एकदम बदला. एकच नवा टाकू नका.

- यंत्र सुरूच होत नाही: वायर, स्विच आणि कार्बन तपासा. मल्टीमीटर ओमवर ठेवून मोटरच्या दोन टोकांना लावा. काही ओम दाखवलं तर आतला मार्ग शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर बहुधा कार्बन टेकत नाहीत.
- चालता चालता बंद पडतं आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतं: काही यंत्रांत उष्णतेने तुटणारा कटआउट असतो. तो त्याचं काम करतोय, मोटर बदलायची घाई नको. हवा कुठे अडतेय ते शोधा.
- कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या: चालतील. कम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलं.
- घरघर, कर्कश आवाज: प्लग काढून पंखा हाताने फिरवा. खरखर जाणवली किंवा शाफ्ट आडवा हलला तर बेअरिंग गेलं. अनेक मोटरींत ८ मिमी आतल्या आणि २२ मिमी बाहेरच्या व्यासाचं ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, पण बेअरिंगवरचा नंबर स्वतः वाचल्याशिवाय विकत घेऊ नका.
- जळकट वार्निशचा वास, काळी पडलेली कॉइल: इथे मात्र मोटरच.

कम्युटेटर नुसता काळपट असेल तर बारीक काचकागदाने अलगद पुसा. काळा एमरी पेपर वापरू नका. त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांच्या मधल्या फटींत अडकतात.

"रिवायंड करून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून घेऊ का?" असं बरेच जण विचारतात. पाण्याच्या पंपाची मोटर रिवायंड करणारा माणूस कितीही चांगला असला तरी हे आर्मेचर वेगळं. या वेगाला ते तोलून घ्यावं लागतं, म्हणजे बॅलन्सिंग करावं लागतं. तशी सोय त्याच्याकडे नसेल तर रिवायंड केलेली मोटर थरथरत चालते आणि नवी बेअरिंगं खाऊन टाकते. बॅलन्सिंगची खात्री नसेल तर नवी मोटर घ्या.

## २. काय काय लागेल

चार-पाच मापांचे स्क्रू ड्रायव्हर (त्यातला एक लांब दांड्याचा), पक्कड, नोज प्लायर, मल्टीमीटर, व्हर्नियर, जुना दाढीचा ब्रश, मास्क, वायरींसाठी थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) आणि हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी). स्क्रू ठेवायला पोळपाटाएवढा पांढरा कागद घ्या. यंत्राची आकृती त्यावर काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर ठेवा. लांब आणि आखूड स्क्रू दिसायला सारखेच असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर प्लास्टिक फोडून थेट वायरीत घुसतो.

कागदपत्रांत फारसं काही नाही. यंत्राच्या बुडाशी असलेल्या नावपट्टीचा स्पष्ट फोटो, त्यावरचे व्होल्ट आणि वॉट, जुनं माहितीपत्रक सापडलं तर ते, आणि नवी मोटर घेताना पक्कं बिल. बिलावर व्होल्ट, वॉट आणि "माप जुळलं नाही तर परत घेऊ" हे लिहून घ्या. इलेक्ट्रिकचा माल एकदा वायर जोडली की परत घेत नाहीत, म्हणून आधी मोटर नुसती बसवून बघायची आणि मगच वायर जोडायची.

## ३. उघडण्याआधी

प्लग भिंतीतून काढा आणि स्वतःच्या नजरेसमोर ठेवा. स्विच बंद केला म्हणजे झालं, असं नाही. आत सेलसारखा दिसणारा कपॅसिटर असेल तर त्याच्या पायांना बोट लावू नका. फुगलेला किंवा चिरलेला असेल तर बदलायच्या यादीत टाका.

काम गॅलरीत करा. खोलीत ब्लोअर मारलात तर पस्तीस वर्षांची धूळ दहा मिनिटांत परत घरभर होईल.

बटण दाबलं की वायर आपोआप गुंडाळणारं रीळ असेल तर ते मोटरच्या कामात उघडायचं कारण नाही. आतली पत्र्याची स्प्रिंग सुटली तर हात कापते आणि ती परत बसवणं हा एक स्वतंत्र रविवार आहे.

## ४. मोटर बाहेर काढणं

एखादा स्क्रू सापडतच नसेल तर रबरी पायांखाली, स्टिकरखाली आणि मुठीच्या टोपणाखाली बघा. झाकण निघत नाही म्हणून जोर लावू नका. जुन्या प्लास्टिकच्या खिट्ट्या बिस्किटासारख्या तुटतात. कुठेतरी स्क्रू राहिलाय, हेच बहुतेक वेळा उत्तर असतं.

झाकण निघाल्यावर हात लावण्याआधी फोटो काढा. वरून, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते जवळून. नंतर "हे तर लक्षात राहील" असं वाटेल. राहत नाही.

मोटरच्या पुढच्या अंगाला जाड रबरी कडं असतं, मागच्या अंगाला रबराची उशी. आमच्या यंत्रातलं पुढचं कडं वाळलेल्या पापडासारखं झालं होतं, हातात घेतलं तसे त्याचे चार तुकडे झाले. हे तुकडे टाकू नका. जोडून बसवा, जाडी मोजा, आतला आणि बाहेरचा व्यास लिहून ठेवा. या कड्याने पिशवीची बाजू आणि मोटरची मागची बाजू एकमेकींपासून बंद राहतात. ते गळकं असेल तर मोटर मागून सोडलेली हवाच पुन्हा पुढून ओढत बसते. आवाज दणदणीत येतो, यंत्र मात्र खेचत नाही.

## ५. मापं घ्या, मगच बाजारात जा

"जुन्या व्हॅक्यूमची मोटर द्या" असं म्हणून पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत गेलात तर दुकानदार जी हाताशी असेल ती पुढे ठेवेल. कंपनीच्या नावापेक्षा माप महत्त्वाचं. कागदावर एवढं हवं:

- पंख्याच्या पत्र्याच्या डब्याचा बाहेरचा व्यास
- त्या डब्याची उंची
- मोटरची एकूण उंची, डब्याच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत
- हवा ओढणाऱ्या भोकाचा व्यास
- डब्यात पंखा एक की दोन
- व्होल्ट आणि वॉट

जुनी मोटर पिशवीत घालून बरोबर न्या. त्याहून चांगलं माप नाही.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला, वॉटचा मोह. ८०० वॉटच्या जागी दुकानदार १४०० वॉटची मोटर देतो आणि वर म्हणतो, "डबल खेचेल." वॉट म्हणजे यंत्र खाते ती वीज, हवा किती खेचते ते नव्हे. २३० व्होल्टवर ८०० वॉटला साडेतीन अँपिअर लागतात, १४०० वॉटला सहाच्या वर. जुना स्विच, जुनी वायर आणि रिळाच्या आतल्या पितळी पट्ट्या एवढ्यासाठी केलेल्या नसतात. शिवाय जास्त उष्णता बाहेर न्यायला हवेची वाट तेवढीच.

दुसरा, ओल्या-कोरड्या यंत्राची मोटर. तिला गार करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, मळकी हवा बाजूच्या तोंडाने निघून जाते. जुन्या घरगुती यंत्रात ती गार करणारी वेगळी वाटच नाही. व्यास जुळतो, मोटर बसतेही आणि मग आतल्या आत भाजते.

तिसरा परदेशातून आलेल्या यंत्रांचा. आमच्या सोसायटीतल्या काकांनी मुलाकडून येताना अमेरिकेतला जुना कॅनिस्टर, म्हणजे असाच चाकांवरचा आडवा व्हॅक्यूम, हौसेने आणला होता. तिथली वीज १२० व्होल्टची. प्लगचा अडॅप्टर व्होल्ट बदलत नाही, फक्त पिनांचा आकार बदलतो. काकांच्या मोटरचा निकाल काही सेकंदांत लागला. अशा यंत्राला २३० व्होल्टची मोटर बसवता येते, पण वॉट जवळपास तेवढेच ठेवा आणि आतला स्विच, वेग कमी-जास्त करणारं सर्किट, कपॅसिटर हे सगळं २३० व्होल्टला चालणारं आहे का, ते एकेक करून बघा. पाईपच्या टोकाला फिरत्या ब्रशची वेगळी मोटर असेल तर तीही १२० व्होल्टचीच असते. ती विसरली जाते.

## ६. नवी मोटर बसवणं

डबा आतून कोरड्या ब्रशने आणि मग ओलसर फडक्याने पुसून घ्या. रबरी कडं नवं घ्या. तयार मिळालं नाही तर रबर शीट विकणाऱ्याकडून त्याच जाडीच्या शीटमधून कापून घ्या. कडं दाबून बसलं पाहिजे, पण मोटर तिरकी होता कामा नये.

फट राहिली तर सिलिकॉनची ट्यूब पिळायचा मोह होतो. नको. सिलिकॉनच्या वाफा कार्बन आणि कम्युटेटरमध्ये गेल्या की कार्बन झपाट्याने झिजतात. वरून पुढच्या वेळी मोटर काढताना सुरी लागते.

वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळणं इथे चालणार नाही. मोटर थरथरते, टेपचा गोंद उष्णतेने पातळ होतो. थिंबल दाबून बसवा, वर हीट-श्रिंक घाला. वायरी पंख्यापासून आणि मोटरच्या अंगापासून दूर, मूळ खाचांतूनच न्या. पत्र्याचं अंग असलेल्या जुन्या यंत्राला दोन पिनांची वायर असेल आणि नावपट्टीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण नसेल, तर हात लागलाच आहे तर आयएसआय मार्कची तीन तारांची वायर घालून पत्र्याला अर्थिंग द्या. हे काम स्वतः येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. यात कमीपणा नाही.

## ७. मागचा फिल्टर, म्हणजे माझी चूक

पिशवी असताना मोटरच्या मागे फिल्टर कशाला? सुरुवातीला मी ज्या काळ्या भुग्याबद्दल लिहिलं तो हाच. कार्बन झिजतो तेव्हा त्याची भुकटी मोटरच्या मागून बाहेर पडते. पुढे कितीही भारी फिल्टर असला तरी ही भुकटी मोटरमध्येच तयार होते, तिला मागेच अडवावं लागतं.

जुन्या यंत्रांत इथे बहुधा फोम किंवा नमद्यासारखं जाड कापड असतं. फोम इतक्या वर्षांनी चिकट होतो किंवा हात लावताच त्याचा चुरा होतो. मोटर बसवली त्या दिवशी आमचा फोम असाच चुरा झाला, आणि मी शहाणपणा केला. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा दाट हेपा फिल्टर मिळाला, तो मापाला कापला आणि खाचेत दाबून बसवला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा! हवा निर्मळ निघायची खरी, पण जेमतेम निघायची. हेपाच्या कागदाला घड्या असतात त्या उगाच नाहीत. हवा सहज जायला त्याला मोठं क्षेत्रफळ लागतं. मी कापलेला तुकडा तळहाताएवढा होता. मोटर पाच महिने स्वतःच्याच उष्णतेत शिजली आणि दिवाळीच्या साफसफाईत, सोफ्याखाली असताना, गेली.

म्हणून फिल्टर निवडताना:

- तुमच्या यंत्रासाठीच केलेला मागचा फिल्टर मिळाला तर काहीही प्रयोग न करता तोच घ्या.
- नाही मिळाला तर मूळ फोमच्याच जाडीचा, मोकळ्या भोकांचा फिल्टर फोम घ्या. भांडी घासायचा स्पंज किंवा गादीचा फोम नाही.
- तोंडाला लावून फुंकर मारून बघा. समोर धरलेल्या तळहाताला वारा सहज लागला पाहिजे.
- हेपाच हवा असेल, घरात कुणाला दमा असेल, तर घड्यांचं पूर्ण खोकं मावेल एवढी जागा मागे असलेलं यंत्र शोधा. लहान खाचेत तुकडा कोंबून हेपा होत नाही.
- कडेने फट ठेवू नका. हवा सोपी वाट शोधते आणि फिल्टर नुसता शोभेला राहतो.
- धुता येणारा फोम धुतला तर पूर्ण एक दिवस सावलीत वाळवा. ओलसर बसवला तर कुबट वास येतो आणि धुळीचा चिखल होतो.

फिल्टर जड पडतोय का, हे कानाने कळतं. आधी फिल्टर काढून यंत्र काही क्षण चालवा, मग लावून चालवा. आवाज जेमतेम बदलला पाहिजे. फिल्टर लावल्यावर आवाज चढा, शिट्टीसारखा झाला तर हवा अडते आहे. पुष्कळांना वाटतं, नळीवर हात ठेवला की मोटरवर ताण येतो. खरं तर उलट होतं. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, भार कमी होतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. तिला त्रास होतो तो गार हवा न मिळाल्याचा.

## ८. पहिल्यांदा चालवताना

झाकण लावण्याआधी प्लगची पिन आणि यंत्राचा पत्रा यांच्यामध्ये मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. मेगर हे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर, मोटरच्या दुकानात असतं. ५०० व्होल्टवर किमान एक मेगाओम यायला हवं, नव्या मोटरला त्याहून पुष्कळ जास्त येतं. साधा मल्टीमीटर इथे पुरत नाही.

काही जण सिरीज बोर्डावर, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाते अशा बोर्डावर, मोटर लावून बघतात. बल्ब पूर्ण पेटतो आणि "शॉर्ट आहे" म्हणून चांगली मोटर बाजूला पडते. या मोटरचा रोध मुळातच काही ओमचा असतो, बल्ब पेटणारच.

फक्त कार्बन नवे घातले असतील तर त्यांची तोंडं कम्युटेटरच्या गोलाईला बसायला वेळ द्या. ओळखीत कुणाकडे डिमरस्टॅट (व्होल्ट कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर निम्म्या व्होल्टवर अर्धा तास चालवा. यंत्रात वेगाचं बटण असेल तर सर्वांत कमीवर ठेवा. पंखा काढून मोटर कधीही चालवू नका. भार नसेल तर तिचा वेग आवरत नाही.

मग झाकण, पिशवी, दोन्ही फिल्टर लावून दहा मिनिटं पूर्ण वेगाने चालवा. मागच्या वाऱ्यात हात धरा. वारा कोमट असणं ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर बंद करून हवेची वाट पुन्हा तपासा. पहिल्या काही मिनिटांत नव्या वार्निशचा हलका वास येतो, तो जातो. धूर दिसला तर प्लग काढा. घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला तर तो बायपास करून बघायची कल्पना कुणी सुचवेल. त्या माणसाला चहा द्या आणि घरी पाठवा.

## ९. नव्या मोटरला मारणाऱ्या गोष्टी

पिशवी न लावता "एकदाच, पटकन" चालवणं. फाटकी पिशवी. रंगकामानंतरचं पीओपी आणि भिंत घासलेली पूड. देव्हाऱ्यासमोरची राख. आणि रांगोळी. ती दगडाची बारीक पूड आहे, कापडी पिशवीच्या विणीतून आरपार जाऊन बेअरिंगमध्ये बसते. ती केरसुणीने आणि सुपलीनेच भरा. सांडलेलं पाणी या यंत्राने ओढायचं नाही, "थोडंसंच आहे" म्हणूनसुद्धा नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने मोटर घातल्याची तारीख, वॉट आणि कार्बनचं माप लिहून ठेवा. आमच्या झाकणात आता दोन तारखा आहेत, पाच महिन्यांच्या अंतराने. पहिलीवर मी काट मारलेली नाही. तिच्यापुढे फक्त "हेपा" एवढंच लिहिलंय.